ज्वारीचे पंधरा गुण

स्क्रॅबल हा खेळ वाईट नाही. वाईट आहे ती त्याच्या आडून आपल्याकडे चाललेली शब्दांची हमाली. 'इंग्रजीतील दुर्मिळ शब्द व त्यांचे अर्थ' अशा याद्या स्पर्धा परीक्षांच्या वर्गांपासून मोबाइलपर्यंत फिरतात आणि आमची मुले त्या निमूटपणे पाठ करतात. याने शब्दसंपत्ती वाढते, असे त्यांना सांगितलेले असते.

पाठांतरालाच संपत्ती मानणाऱ्यांनी न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सकडे पाहावे. २०१५ मध्ये त्याने फ्रेंच स्क्रॅबलचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हते. २०२४ मध्ये स्पॅनिशमध्येही त्याने तेच करून दाखवले. यात त्याचे काही चुकले नाही. खेळाला अक्षरांची जुळणी हवी असते, अर्थ नव्हे. चुकतो तो हीच रीत वर्गात आणणारा शिक्षक.

आता या दुर्मिळ शब्दांत असते तरी काय? आंतरराष्ट्रीय स्पर्धांत चालणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत अडीच लाखांहून अधिक शब्द आहेत. त्यांत 'खरीफ' आहे, 'रबी' आहे, 'लाख' आहे, 'तहसील' आहे, इतकेच काय 'पेशवा'ही आहे. 'जोवार' म्हणजे आपली ज्वारी. जेचे आठ, डब्ल्यूचे चार, उरलेल्या तीन अक्षरांचा एकेक, असे तिचे पंधरा गुण होतात. लंडनच्या खेळाडूला हा शब्द अनोखा वाटावा, हे रास्तच. पण कळंब किंवा भूमच्या ज्या मुलाच्या घरी रोज भाकरी थापली जाते, त्यानेही तो 'भारतात पिकणारे एक धान्य' अशा परक्या अर्थासह घोकावा? 'मंगूज' हा आपल्या मुंगसावरून गेला, हे इंग्रजी कोश स्वतःच नोंदवतात. यादी मात्र शब्दाचे कूळ सांगत नाही, आणि यादीच्या बळावर शिकवणाराही सांगत नाही.

काळ्या जमिनीची गत याहून मासलेवाईक आहे. 'रेगूर' हा शब्द त्या यादीत आहे आणि आमच्या भूगोलाच्या पुस्तकांतही आहे. ज्या मातीत मुलगा वाढला, जिला घरात सगळे नुसते 'काळी' म्हणतात, ती परीक्षेत मात्र 'रेगूर' म्हणूनच लिहावी लागते.

इंग्रजी शिकू नये, असा याचा अर्थ कोणी काढेल, म्हणून सांगतो. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कचेरीच्या उर्दूतून कितीतरी अरबी-फारसी शब्द इथल्या बोलीत मुरले. 'तहसील' मूळचा अरबी, अर्थ वसुली. इथल्या शेतकऱ्याने तो सारा भरताना शिकला. त्याने कोणतीही यादी पाठ केली नव्हती. शब्द गरजेपोटी आला, अर्थ घेऊन आला आणि घरचा झाला. इंग्रजीही अशीच यावी. तिचे वाचन व्हावे, लेखन व्हावे. घोकलेले शब्द परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी कुठे जातात, हे प्रत्येक प्राध्यापक जाणतो. (बोलत नाही, ही गोष्ट वेगळी.)

तिकडे ही भरती चालू असताना इकडची गळती कोणी मोजत नाही. 'वापसा' घ्या. पाऊस पडून गेला आहे, जमिनीत ओल आहे पण चिखल नाही, मातीत हवा खेळते आहे, आता पेरावे: एवढे सगळे त्या तीन अक्षरांत आहे. इंग्रजीत यासाठी वाक्य लिहावे लागेल. तिफण, पाभर, चाडे, कुळव यांची हीच कथा. ट्रॅक्टर आला तशी अवजारे गेली, हे समजते. पण वापसा तर ट्रॅक्टरलाही लागतो!

या शब्दांना कोणत्याही यादीत गुण नाहीत. आमच्या वाङ्मय मंडळांनी 'वर्ड पॉवर' स्पर्धा जरूर घ्याव्यात. मात्र त्याच फलकाखाली एक वहीही ठेवावी, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने गावाकडून असे दहा शब्द अर्थासह, सांगणाऱ्याच्या वाक्यासह आणून त्यात लिहावेत. पारितोषिकाची रक्कम दोन्हींना सारखी असावी.