स्पीकरचा रिव्ह्यू आमच्या अंगणात करा

पोर्टेबल ब्लूटूथ स्पीकरचा कोणताही रिव्ह्यू उघडा. बंद खोली, मागे जांभळे दिवे, टेबलावर स्पीकर आणि पहिलं वाक्य ठरलेलं: ‘बेस जबरदस्त आहे!’ मग आवाज फुल, टेबल थरथरतं आणि साडेचार स्टार. माझं म्हणणं सरळ आहे. ही परीक्षाच चुकीची आहे. यवतमाळ जिल्ह्यात रोज स्पीकर ऐकणाऱ्या माणसासाठी तर ती पूर्ण निकामी आहे.

आमच्याकडे स्पीकर कुठे वाजतो ते बघा. सकाळी ओसरीवर, दुपारी पानठेल्यावर, संध्याकाळी अंगणात. त्यावर काय वाजतं? आकाशवाणी यवतमाळ, कीर्तन, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं, कापसाचे भाव सांगणारे व्हिडिओ आणि हो, लग्नसराईत नाचायची गाणीसुद्धा. पण नाच वर्षातून चार दिवस असतो. उरलेले दिवस आपण माणसाचा आवाज ऐकतो, तोही हळू आणि उघड्यावर.

आता बेसचं गणित लावा. खालच्या सुरांना खोलीच्या भिंती आणि कोपरे जोर देतात. अंगणात ती मदत मिळत नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. शिवाय आवाज हळू असला की आपल्या कानालाच खालचे सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलंय. म्हणजे ज्या गुणासाठी जास्तीचे पैसे द्यायचे, तो रोजच्या वापरात हाती लागतच नाही. त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअरने बेस फुगवला, तर बातम्या देणारा माणूस मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा वाटतो.

वॅटचा आकडाही असाच फसवा. पॉवर दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट पॉवर लागते. त्यामुळे १० वॅटच्या जागी २० वॅट घेतल्याने आवाज डबल होत नाही, बिल मात्र होऊ शकतं.

मग परीक्षा कशी घ्यायची? हवामानाची बातमी लावा आणि आवाज हळू ठेवून वीस पावलं दूर जा. ‘सात मिलिमीटर’ आणि ‘साठ मिलिमीटर’ यातला फरक ऐकू येतो का? हा फरक व्यंजनात आहे, आणि व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः वरच्या सुरांमुळे. वय झालं की कानाला नेमके हेच वरचे सूर आधी कमी ऐकू यायला लागतात. पेरणीच्या तोंडावर आबाजींना सात-साठ कळणं महत्त्वाचं, की टेबल थरथरणं? दुसरी चाचणी खंजिरीची. थाप आणि झांजेची किणकिण वेगवेगळी ऐकू आली पाहिजे, आणि त्यांच्याखाली गाणाऱ्याचे शब्द बुडता कामा नयेत.

आणि बॅटरी. डब्यावर ‘१२ तास’ लिहिलेलं असतं, पण ते बहुतेकदा मध्यम आवाजावर मोजलेलं असतं. खरा प्रश्न दोन वर्षांनंतरचा आहे. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची सर्वसाधारण मर्यादा ४५ अंशांची. आमच्याकडे मे महिन्यात टिनाखाली ठेवलेला स्पीकर तिथवर सहज पोचतो. बॅटरी लवकर मरणार हे गृहीतच धरा. जुन्या स्वस्त रेडिओत बीएल-५सी बॅटरी असायची. चौकातल्या दुकानात मिळायची, नखाने काढून बदलता यायची. आजचा महागडा स्पीकर चिकटवून बंद केलेला असतो. पाण्यात बुडला तरी चालेल म्हणतात, पण उघडला तर चालत नाही!

युरोपीय संघाच्या नियमानुसार, काही अपवाद सोडले तर, १८ फेब्रुवारी २०२७ पासून उपकरणातली पोर्टेबल बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ पासून सरकारचं राइट टू रिपेअर पोर्टल आहे, पण पोर्टल म्हणजे सक्ती नव्हे. तेच ब्रँड तिथे झाकण उघडणारा माल विकणार असतील, तर इथे चिकटवलेला का घ्यायचा?

कोणी म्हणेल, भाऊ, एका स्पीकरसाठी एवढं डोकं कशाला लावायचं? तर २०२५-२६ मध्ये लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. रिव्ह्यूवाले ज्याला ‘बजेट प्रीमियम’ म्हणतात, तो सात-आठ हजारांचा स्पीकर म्हणजे जवळपास एक क्विंटल कापूस. वेचायला किती हात लागतात ते ज्याला माहीत आहे, त्याने डोकं लावलंच पाहिजे.

बेस आवडणं गुन्हा नाही. मलाही आवडतो. पण तो आवडतो म्हणून तीच एकमेव फूटपट्टी, हे मला मान्य नाही. पुढच्या वेळी रिव्ह्यूखाली ‘भाई, बेस कैसा है’ विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. हळू आवाजात शब्द कळतात का? उघड्यावर किती दूरवर कळतात? एफएम लागतं का? बॅटरी आमच्या गावात बदलून मिळेल का? उत्तर मिळत नसेल, तर तो रिव्ह्यू नाही, जाहिरात आहे.