उताऱ्यावरचे कुलूप काढा!



फेब्रुवारी 2025 मध्ये बीबीसीच्या तपासातून जे बाहेर आले ते तुम्ही वाचलेच असेल. टॅपेंटाडॉल हे अफूच्या जातकुळीतले वेदनाशामक, कॅरिसोप्रोडॉल हे स्नायू सैल करणारे आणि सवय लावणारे औषध. या दोहोंची एकत्र गोळी जगात कुठेही मंजूर नाही. ती आपल्या महाराष्ट्रातल्या एका कारखान्यात बनत होती आणि घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर पोरांच्या हाती पडत होती. बोंब झाल्यावर केंद्राने या गोळीच्या निर्यातीच्या परवानग्या काढून घेतल्या. त्या गोळीबद्दल इथे अधिक लिहीत नाही. तिच्याविषयी आपल्यात मतभेद नाहीत.

हे पत्रक दुसऱ्या संतापातून लिहिले आहे. ज्या देशात असले विष बनवायला आणि बोटीत चढवायला वाट सापडते, त्याच देशात त्यावरचा उतारा सामान्य माणसाच्या हाती पडू दिला जात नाही. त्या उताऱ्याचे नाव नॅलॉक्सोन.

गर्द असो, मॉर्फीन असो की टॅपेंटाडॉल, मात्रा जास्त झाली की मरण एकाच वाटेने येते. मेंदूतले श्वासाचे केंद्र मंदावते, श्वास अडखळतो, ओठ निळे पडतात. प्राणवायू तुटला की मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटे पुरतात. नॅलॉक्सोन मेंदूतल्या त्याच जागांवर जाऊन बसते, अफूजन्य द्रव्याला तिथून हुसकावते आणि दोन-तीन मिनिटांत श्वास पुन्हा सुरू होतो. त्याची नशा होत नाही, सवय लागत नाही. अंगात अफूजन्य काही नसेल तर ते जवळपास काहीच करत नाही. 1961 साली न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, 1971 साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पन्नासहून अधिक वर्षे हे औषध मरणाऱ्याला परत आणते आहे.

आपल्याकडे राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचे नाव आहे. पण ते इंजेक्शनच्या कुपीत, डॉक्टरच्या चिठ्ठीमागे, रुग्णालयाच्या कपाटात. ओडी, म्हणजे जादा मात्रेचा घात, कुठे होतो? घराच्या मोरीत, लॉजच्या खोलीत, पुलाखाली, रेल्वेच्या यार्डात. त्या वेळी शेजारी असते आई, भाऊ, नाहीतर सोबत नशा करणारा दोस्त. हातात मिनिटे चार, आणि उतारा चार किलोमीटरवर! हे धोरण ज्यांनी आखले आणि जे ते मुकाट चालवत आहेत, त्यांनी या मिनिटांचा हिशेब कधी केलाच नाही.

हे औषध साध्या माणसांच्या हाती दिले तर काय होते, याचे उत्तर संशोधनाने केव्हाच दिले आहे. शिकागोत 1996 साली व्यसनी लोकांना आणि त्यांच्या जवळच्यांना ते वाटायला सुरुवात झाली. तेव्हापासून जून 2014 पर्यंत अमेरिकेत 1,52,283 सामान्य माणसांना नॅलॉक्सोन दिले गेले आणि त्यांनी 26,463 ओडी उलटवल्याची नोंद झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या 19 गावा-शहरांचा अभ्यास 2013 साली छापून आला. जिथे हे वाटप भरपूर झाले, तिथे ओडीच्या मृत्यूंचा दर 46 टक्क्यांनी कमी दिसला. स्कॉटलंडने 2011 पासून तुरुंगातून सुटणाऱ्यांनाही ते द्यायला घेतले. अफूजन्य द्रव्यांच्या एकूण बळींत सुटकेनंतरच्या चार आठवड्यांतले बळी आधी 9.8 टक्के असत, ते पुढच्या तीन वर्षांत 6.3 टक्क्यांवर आले. 2014 साली जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट शिफारस केली की, ज्यांच्यासमोर ओडी होऊ शकतो त्या सगळ्यांना हे औषध मिळावे आणि ते वापरायला शिकवले जावे. 2023 साली अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा फवारा चिठ्ठीविना विकायला परवानगी मिळाली. आता आणखी कुठल्या पुराव्याची वाट पाहायची?

तरीही तेच ते आक्षेप ऐकावे लागतात.

पहिला: "उतारा हाताशी असला तर गर्दुल्ले आणखी पितील." सर्पदंशावरचे प्रतिविष आरोग्य केंद्रात ठेवले म्हणून कोणी नागाच्या बिळात हात घालत नाही. शिवाय नॅलॉक्सोनने उठलेल्या माणसाला उलट्या होतात, अंग मोडून येते, नशा खाडकन उतरते. त्या अवस्थेच्या ओढीने कोणी जास्त मात्रा घेत नाही. 2018 साली अमेरिकेतल्या दोन अर्थतज्ज्ञांच्या अभ्यासाचा दाखला दिला जातो: नॅलॉक्सोनचे कायदे झाल्यावर तातडीच्या विभागात अफूजन्य द्रव्यांचे रुग्ण वाढले. पण त्यांनी कायदा कधी झाला ते मोजले, औषध घरोघर किती पोचले ते मोजले नाही. आणि रुग्ण वाढणारच! जो वाचतो तोच रुग्णालयात पोचतो. मेलेला तिथे जात नाही, तो सुधारतही नाही.

दुसरा: "अडाण्यांना काय जमणार?" नाकात फवारा मारायला, कुशीवर वळवायला आणि 108 ला फोन लावायला पदवी लागत नाही. नॅलॉक्सोनचा अंमल अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, श्वास पुन्हा मंदावू शकतो, म्हणून रुग्णालय गाठायलाच हवे. हे आईला एकदा सांगितले की कळते. ते कळणार नाही असे मानणे हा निव्वळ उर्मटपणा आहे.

तिसरा: "आपल्याकडे असे मृत्यू आहेतच किती?" 2022 साली सरकारी नोंदीत देशभरात ओडीचे मृत्यू 681. आणि 2019 साली जाहीर झालेल्या केंद्राच्या पाहणीनुसार अफूजन्य द्रव्यांच्या व्यसनासाठी मदतीची गरज असलेले सुमारे 77 लाख. त्यातले निम्म्याहून अधिक ज्या मोजक्या राज्यांत, त्यांत महाराष्ट्र आहे. 77 लाखांमागे 681 हा आकडा खरा मानायचा असेल तर आपण जगातले सर्वांत सुरक्षित व्यसनी आहोत! घरचे लाजेने हृदयविकार सांगतात, बेवारस देह तसाच जाळला जातो, आणि मग नोंद नाही म्हणून प्रश्नच नाही असे ठरते.

इकडे साधा उतारा हाती मिळत नाही, तिकडे अमेरिकेत आता आणखी कडक उताऱ्यांची शर्यत सुरू आहे. 4 मिलिग्रॅमच्या फवाऱ्याऐवजी 8 मिलिग्रॅमचा निघाला. न्यूयॉर्क राज्याच्या पोलिसांनी दोन्ही वापरून पाहिले. जगण्याचे प्रमाण दोहोंत सारखेच, 99 टक्क्यांच्या आसपास. नशा तुटल्याचा त्रास मात्र 19.4 टक्क्यांवरून 37.6 टक्क्यांवर गेला. जुने, साधे औषध पुरेसे आहे. ते जवळ हवे.

आमच्या मागण्या:

1. नॅलॉक्सोनचा फवारा प्रत्येक औषध दुकानात चिठ्ठीविना मिळावा. सरकारी केंद्रांत तो फुकट द्यावा.

2. व्यसनमुक्ती केंद्रातून आणि तुरुंगातून बाहेर पडणाऱ्याच्या हाती तो द्यावा. मधल्या काळात शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. जुनीच मात्रा तेव्हा जीव घेते.

3. पोलीस, रेल्वे पोलीस आणि आशा कार्यकर्त्यांना तो द्यावा व वापरायला शिकवावा.

4. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने संरक्षण दिले. ओडी झालेल्यासाठी फोन करणाऱ्याला तेच द्यावे. अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याच्या कलम 27 खाली नुसत्या सेवनालाही एक वर्षापर्यंत कैद आहे. त्या भीतीने दोस्त दोस्ताला टाकून पळतो.

मते मागायला जो दारात येईल त्याला या चार मागण्या वाचून दाखवा आणि हो की नाही, एवढेच उत्तर मागा. वाचून झाल्यावर हे पत्रक शेजारच्या घरात द्या.