आम्हाला नाणे नको, आधी थकबाकी चुकवा

१९११ साली पंचम जॉर्जचा नवा रुपया चलनात आला. राजाच्या छातीवरच्या साखळीत कोरलेला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला. ओरड झाली. सरकारने तो रुपया मागे घेतला, वितळवला आणि १९१२ मध्ये हत्ती नीट दिसेल असा नवा छाप केला.

त्याच १९११ साली त्याच सरकारने माणसांवरही एक छाप मारला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा नव्याने केला आणि तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट अशा जमातींत जन्मलेले मूल पाळण्यातच गुन्हेगार ठरू लागले. हत्तीची सोंड सुधारायला या राज्यकर्त्यांना एक वर्ष लागले. माणसांवरचा छाप देशभरातून कायद्याने काढायला १९५२ साल उजाडले. म्हणजे ४१ वर्षे.

सोलापूरकरांना हा इतिहास शोधायला ग्रंथालयात जावे लागत नाही. रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हणा, तो बरोबर नेऊन सोडतो. इंग्रजांनी इथे तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली. हजेरी घेतली. पासाशिवाय बाहेर पडणे गुन्हा केला. मुलांना आईबापांपासून वेगळे ठेवण्याची सोय कायद्यातच होती. आणि हेच हात गिरण्यांच्या साच्यांवर कामाला लावले. ‘सुधारणा’ हे त्या सगळ्याचे सरकारी नाव. तारेबाहेर ज्यांना राहू दिले त्यांच्या वस्तीला ‘फ्री कॉलनी’ म्हटले गेले. आजही पत्त्यात ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असेच लिहितात. इंग्रज गेला, त्याचा शब्द आधार कार्डावर राहिला.

३१ ऑगस्ट २०२७ ला हा कायदा रद्द झाल्याला ७५ वर्षे पूर्ण होतील. आपल्या सरकारला पंचाहत्तरीची हौस आहे. २०२३ मध्ये नव्या संसद भवनासाठी ७५ रुपयांचे नाणे काढले. उद्या विमुक्तांच्या नावानेही काढतील. मखमली डबीत ठेवलेले, दर्शनी किमतीपेक्षा कितीतरी महाग आणि बाजारात न चालणारे. ज्या वस्तीत जुनी माणसे तार तुटल्याची गोष्ट सांगतात, त्या वस्तीत ते नाणे कोण विकत घेणार? आणि घेतले तरी त्या नाण्याने त्यांना काय मिळणार?

हा प्रश्न आम्ही बाबासाहेबांकडूनच शिकलो. १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी रुपयाचा विचार सामान्य माणसाच्या बाजूने केला. रुपयाचे सोन्याशी नाते काय, यापेक्षा त्या रुपयात बाजारात किती वस्तू येतात, ही त्यांची कसोटी होती. हीच कसोटी स्मारक नाण्यांना लावून पाहा.

१९९० साली बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे आले. त्याच वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले, बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या आणि ऑगस्टमध्ये मंडल शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली. ते नाणे किराणा दुकानात चालत होते आणि त्याच्यासोबत हक्कही आले होते.

आता २०१५ पाहा. ६ डिसेंबरला बाबासाहेबांच्या नावाने १२५ रुपयांचे नाणे निघाले. त्याला दीड महिनाही झाला नव्हता, तेव्हा १७ जानेवारी २०१६ ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने जीव दिला. आपली सात महिन्यांची फेलोशिप थकली आहे, हे त्याने शेवटच्या पत्रात लिहून ठेवले. एका हाताने नाणे पाडायचे आणि दुसऱ्या हाताने विद्यार्थ्याचे पैसे थकवायचे, याला आदरांजली म्हणायचे का?

काही मित्र म्हणतील, प्रतीकांनाही मोल असते. असते. चवदार तळ्याचे पाणी प्रतीकच होते, पण बाबासाहेबांनी ते ओंजळीत घेतले. डबीत बंद करून कपाटात ठेवले नाही.

म्हणून २०२७ च्या आधी सरकारने हिशेब द्यावा.

पहिला, दाखल्याचा. विदर्भातल्या नागपूर-अमरावतीकडचा कैकाडी अनुसूचित जातीत आणि सोलापूरचा कैकाडी विमुक्त जातीत. जमात एक, राज्य एक, हक्क मात्र जिल्हा पाहून. रेणके आयोगाचा अहवाल २००८ ला आला, इदाते आयोगाचा २०१८ ला. आता तिसरा आयोग नको, अंमलबजावणी हवी.

दुसरा, जमिनीचा. तारेआड ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या पायाखालच्या जागेचा उतारा कोणाच्या नावावर आहे, हे प्रशासनाने घरोघर जाऊन तपासावे आणि राहणाऱ्याच्या नावावर करून द्यावे.

तिसरा, छापाचा. गुन्हेगार जमाती कायदा गेला आणि सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा १९५९ चा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातवार कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्तांना सवयीचे गुन्हेगार मानण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्याच्या पालावर जाते, ती कधी थांबणार?

आंबेडकरी चळवळीलाही आम्हाला सांगायचे आहे. १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’च्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी अस्पृश्य, आदिवासी आणि गुन्हेगार ठरवलेल्या जमाती यांचा प्रश्न एकत्र मांडला होता. मग आपल्या जयंतीच्या व्यासपीठावर सेटलमेंटमधला कार्यकर्ता किती वेळा बोलतो? ३१ ऑगस्ट हा ‘त्यांचा’ दिवस म्हणून आपण सोडून देत असू, तर सरकारला जाब विचारण्याचा आपला आवाज तेवढाच बारीक होतो.

१९११ चा फसलेला हत्ती सरकारने वितळवून नवा केला होता. माणसांवर मारलेला छापही तसाच वितळवा. त्यानंतर नाणे काढा, आम्ही स्वतः ते सेटलमेंटमध्ये वाटू. तोवर या नाण्याला आम्ही खोटे नाणेच म्हणणार.

जयभीम!