खासगीत बोलला म्हणून नोकरी घालवायची?



गेल्या आठवड्यात नागावच्या आमच्या दुकानावरून घरात वादळ झालं. कामाच्या मुलाने मित्राला व्हॉट्सॲपवर बोलून निरोप पाठवला, "शेठ मुंगीला जपतात, माणसाचा पगार मात्र लटकवतात." पुढे आमच्या धर्मावरून एक घाण शब्द. मित्राने तो निरोप पुढे ढकलला आणि फिरत फिरत तो आमच्याच घरी आला. यजमान म्हणाले, "उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतो." नातेवाइकांनी री ओढली. मी मात्र आडवी आले.

मलाही झोंबलं. पण त्याने गल्ल्याला हात लावला नाही, मापात मारलं नाही, गिऱ्हाइकाशी उद्धटपणा केला नाही. पगार आपण त्याच्या कामाचा देतो. त्याचं मन काही विकत घेत नाही.

2012 साली मुंबईत एअर इंडियाच्या दोन कर्मचाऱ्यांना फेसबुकवर पुढाऱ्यांविषयी लिहिलं म्हणून अटक झाली. बारा दिवस कोठडी, वर कंपनीने निलंबित केलं. त्याच वर्षी पालघरच्या दोन मुलींच्या अटकेवरून देशभर ओरड झाली, तेव्हा कुठे ते निलंबन मागे घेतलं गेलं. ज्या 66-अ कलमाचा हा सगळा जोर होता, ते 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केलं. त्याच न्यायालयाने 1983 साली ग्लॅक्सो कंपनीच्या खटल्यात सांगितलं होतं की, नियमात कामाच्या जागेचं वागणं म्हटलं असेल, तर मालकाने बाहेरचं वागणं त्यात ओढू नये. तो नियम कारखान्याचा, आमच्या किराणा दुकानाला लागू नसेल. न्याय मात्र तोच.

आणि आपला धर्म काय सांगतो? तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत. त्यात एकांतातली गोष्ट उघड करणं आहे आणि विश्वासाने बोललेलं फोडणंही आहे. अठरा पापस्थानांत चहाडी आहेच. मग बोलणाऱ्याला शिक्षा आणि फोडणाऱ्याला चहा, हा कुठला हिशोब?

"उद्या सगळेच शिव्या देतील," असं जाऊबाई म्हणाल्या. द्यायचे ते आजही देतात, आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. धमकी दिली, बाईमाणसाला त्रास दिला, दुकानात उभं राहून गिऱ्हाइकाला धर्मावरून बोलला, तर मी स्वतः काढीन. खासगीतल्या रागासाठी नाही.

मी बी.कॉम. झालेली बाई, भांडण झालं की वही उघडते. गेल्या सहा महिन्यांत तीनदा त्याचा पगार दहा तारखेनंतर गेला होता. वही मी यजमानांपुढे ठेवली. ते काही बोलले नाहीत.

मुलगा कामावर आहे. त्या घाण शब्दाबद्दल त्याने क्षमा मागावी, असं मला वाटतं. उशिराच्या पगाराबद्दल आपणही मागावी. यजमान अजून फुरंगटलेले आहेत, पण या महिन्याचा पगार एक तारखेला गेला.