काळी गाडी आणि दोन बादल्या

काळ्या रंगाची गाडी घेणे सोपे, राखणे कठीण, असे गॅरेजवाले नेहमी म्हणतात. हे अर्धे खरे आहे. राखणे कठीण नाही, पण राखण्याची रीत वेगळी आहे, आणि ती रीत आपल्याकडे कोणी कोणाला सांगत नाही. म्हणून या वेळी आम्ही हा विषय घेतला आहे. सदरात गाडीचा विषय कशाला, असे काही भगिनी विचारतील. त्यांनी पुढे वाचावे. यात पाण्याचा हिशेब आहे, घरखर्चाचा आहे आणि हप्त्याचाही आहे.

१९९८ साली वाशीम जिल्हा झाला, तेव्हा आमच्या वस्तीत चारचाकी म्हणजे रिसोड-मालेगावकडे धावणारी काळी-पिवळी. तीही बसायला. आज शिकलेल्या पण नोकरी न लागलेल्या मुलांनी कर्ज काढून जुन्या गाड्या घेतल्या आहेत. लग्नाची वरात, अकोल्या-नागपूरचा दवाखाना, परीक्षेला जाणारी मुले अशी भाडी ते करतात. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि कारंजा, शेलूबाजार, मालेगाव या बाजूंनी लांबची भाडीही मिळू लागली. यात काळ्या गाडीला लग्नसराईत चांगली मागणी असते. पण ती चमकली तर. वस्तीतला एक तरुण आम्हाला म्हणाला, "भाऊ, धुतल्याबरोबर आरशासारखी दिसते. अन् उन्हात नेली का जाळंच जाळं!"

हे जाळे काय आहे ते आधी समजून घेऊ. आजच्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो. त्याला क्लिअर कोट म्हणतात. तो आपल्या डोक्याच्या केसापेक्षाही पातळ असतो. चमक असते ती या थराची. त्याच्यावर बारीक ओरखडे पडले की प्रत्येक ओरखड्याच्या कडेवरून उजेड फुटतो. पांढऱ्या गाडीवर तो फुटलेला उजेड पांढऱ्यातच मिसळून जातो. काळ्यावर मात्र खडूच्या रेघेसारखा उठून दिसतो. म्हणजे काळा रंग नाजूक असतो हा समज चुकीचा आहे. ओरखडे दोन्हींवर सारखेच पडतात. पांढरा झाकतो, काळा दाखवतो, एवढाच फरक. आणि ते जाळे गोल दिसते म्हणून कोणी गोल घासले असेल असेही नाही. ओरखडे सगळ्या दिशांना असतात, पण सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात, म्हणून कोळ्याच्या जाळ्यासारखा आकार दिसतो.

हे ओरखडे पाडतो कोण? आपणच, रोज सकाळी. कोरड्या फडक्याने धूळ झटकण्याची आपली सवय हे पहिले कारण. आपल्याकडच्या धुळीत नुसती माती नसते. मुरूम असतो, खडीचा चुरा असतो, रेतीचे कण असतात. कोरडे फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणे. दुसरे कारण एकच बादली. बंपरखालचा चिखल पुसलेले फडके त्याच पाण्यात बुडवायचे आणि तेच बोनेटवर फिरवायचे. तिसरे कारण कपड्याची पावडर आणि काथ्या. आणि चौथे, डिझेल किंवा रॉकेल लावून चमकवणे. त्याने तासभर चमक येते, पण तेलकट थरावर धूळ दुप्पट बसते आणि दाराचे रबर खराब होते.

मुंबईत इमारतींच्या आवारात पहाटे गाड्या पुसणारी मुले असतात. एका बादलीत दहा-पंधरा गाड्या पुसतात. तिथल्या काळ्या गाड्यांवर असेच जाळे असते आणि मालक मुलांवर ओरडतात. आमच्या मते दोष त्या मुलाचा नाही. त्याला पाणी एक बादली आणि महिन्याचे पैसे मोजके. तेवढ्यात दुसरे काय होणार? हाताने काम करणाऱ्याला पुरेसे साधन द्यायचे नाही आणि मग काम वाईट म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

आता रीत सांगतो. नवशिक्याला पहिल्या दिवशी लागणारे सामान थोडे आहे. दोन बादल्या, मायक्रोफायबरचा एक हातमोजा, मायक्रोफायबरची चार-पाच फडकी, गाडीसाठीचा शाम्पू, चाकांसाठी वेगळा ब्रश आणि वेगळे जुने फडके. जुनी बनियन घरात असतेच, पण ती चाकांपुरती ठेवावी.

वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या वर जातो आणि काळा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. तळहाताची मागची बाजू बोनेटला लावून पाहा. चटका बसला तर काम सुरू करू नका. शाम्पू आणि पाणी जागच्या जागी वाळते आणि डाग पडतात.

आधी चाके धुवा. मग साध्या पाण्याने गाडी वरून खाली भिजवा, म्हणजे सुटी धूळ घासल्याशिवाय वाहून जाईल. काळ्या मातीचा चिखल वाळला असेल तर तो खरडू नका, दहा मिनिटे भिजू द्या. आपोआप मऊ होतो. मग एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसऱ्या बादलीत साधे पाणी घ्या. मोजा शाम्पूत बुडवा, टपापासून सुरुवात करा, सरळ रेषेत हलक्या हाताने फिरवा. एक भाग झाला की मोजा आधी साध्या पाण्यात खळबळून काढा, नंतरच पुन्हा शाम्पूत. सगळी युक्ती या एका नियमात आहे. शेवटी दुसऱ्या बादलीच्या तळाशी बसलेला गाळ पाहा. एकच बादली असती तर तो सगळा गाडीवर घासला गेला असता. दाराचा खालचा भाग आणि बंपर सर्वांत शेवटी.

पुसताना घासू नये. फडके पसरून ठेवावे, दाबावे, उचलावे. आपल्या बोअरचे पाणी बहुतेक जड असते. ते वाळले की काळ्या रंगावर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. ताजे ठिपके पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी मिसळून ओल्या फडक्याने निघतात. लगेच साध्या पाण्याने धुवावे.

इथवर जमले की अर्धी लढाई जिंकली. पुढचा भाग वर्षातून एकदा. प्लॅस्टिकची पातळ पिशवी हाताला घालून धुतलेल्या बोनेटवरून हलके फिरवा. खरखर लागली तर रंगात बारीक कण रुतले आहेत. त्यासाठी क्ले म्हणून मऊ मातीसारखी वडी मिळते. शाम्पूच्या पाण्याने जागा ओली ठेवून ती हलकेच फिरवावी. वडी जमिनीवर पडली तर सरळ फेकून द्यावी, तिला चिकटलेला खडा सगळी मेहनत वाया घालवतो.

मग पॉलिश. इथे बाजारात मोठा गोंधळ आहे. दुकानदार पॉलिश आणि मेण या दोन्हींना पॉलिशच म्हणतात. दोहोंचे काम उलटे आहे. पॉलिश पारदर्शक थर किंचित घासून काढते, त्यामुळे ओरखड्याच्या कडा बोथट होतात. मेण काही काढत नाही, वर पातळ थर चढवते. म्हणून पॉलिश कमीत कमी वेळा, मेण वरचेवर. चांगल्या मेणात ब्राझीलमधल्या कार्नौबा नावाच्या ताडाच्या पानांवरचे मेण असते. काळ्या रंगावर ते फार खोल दिसते.

हाताने पॉलिश करताना आधी एका कोपऱ्यात करून पाहावे. सौम्य पॉलिशचे चार-पाच थेंब फोमच्या गादीवर घ्यावेत, दीड फूट चौरस जागेत आधी उभे, मग आडवे, बेताच्या दाबाने दोन-तीन मिनिटे फिरवावे, पुसावे आणि मोबाईलच्या टॉर्चने पाहावे. फडक्यावर काळा रंग उतरला तर थांबा. याचा अर्थ वर पारदर्शक थर नाही, जुनी एकथरी रंगाची गाडी आहे किंवा गॅरेजमध्ये तसा रंग मारलेला आहे. जुनी गाडी घेणाऱ्याला ही खूण फार उपयोगाची आहे. गाडीच्या धारेवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे घासू नये, चिकटपट्टी लावून झाकावे. आणि नख अडकेल एवढा खोल ओरखडा हाताने जात नाही. तो राहू द्यावा. त्याच्या मागे लागून आजूबाजूचा थर झिजवण्यात शहाणपण नाही.

मेण लावावे ते अगदी पातळ. जाड लावले तर चमक वाढत नाही, पुसायला त्रास मात्र होतो. थोडे धूसर झाले की बोट फिरवून पाहावे, बोटाखाली स्वच्छ निघाले की पुसावे. काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर लागू देऊ नये, पांढरे डाग राहतात. आपल्या उन्हात हे मेण दोन-तीन महिने टिकले तरी पुष्कळ.

लग्नाच्या भाड्याबद्दल वेगळे सांगायला हवे. फुलांच्या माळा चिकटपट्टीने लावतात, दिवसभर ऊन लागते आणि गोंद रंगावर बसतो. तो ब्लेडने काढू नये. थोडे खोबरेल तेल बोटाने चोळून काही मिनिटे थांबावे, गोंद सुटतो, मग शाम्पूने धुवावे. माळा काचेच्या आणि दाराच्या फटीतून दोऱ्याने बांधायला सांगितल्या तर हा प्रश्नच येत नाही. फवाऱ्याचा फेस आणि पक्ष्यांची विष्ठा त्याच दिवशी काढावी. महामार्गावरून आल्यावर पुढे चिकटलेले किडे ओले फडके ठेवून भिजवावेत, मग काढावेत.

आता हिशेब, कारण आम्ही पडलो वाणिज्य शाखेचे. वर सांगितलेले सगळे सामान दीड ते अडीच हजारांत येते. शाम्पू आणि मेण संपते, बाकीचे वर्ष-दोन वर्षे चालते. गाडी विकायला काढली की गिऱ्हाईक आधी रंग पाहते, इंजिन नंतर. जाळे पडलेल्या गाडीचा भाव पाडायला त्याला निमित्तच मिळते. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. वर्षानुवर्षे न झिजणारा लेप म्हणून हजारो रुपये मागणारेही भेटतील. लेपाने पाणी घसरते, धूळ कमी चिकटते हे खरे. पण लेपावरही कोरडे फडके फिरवले तर ओरखडे पडतातच.

सर्वांत मोठा हिशेब पाण्याचा. नळाची साधी नळी मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी सोडते. पंधरा मिनिटे सोडली की दीडशे ते सव्वादोनशे लिटर गेले. वर सांगितलेल्या रीतीने तीन बादल्यांत, म्हणजे चाळीस-पंचेचाळीस लिटरमध्ये गाडी स्वच्छ होते. वाशीम शहर एकबुर्जी प्रकल्पाच्या पाण्यावर जगते, आणि त्याची पातळी खाली गेली की नळ किती दिवसांनी येतो हे घरातल्या बाईला विचारावे. हंडा घेऊन टँकरच्या रांगेत तीच उभी असते. त्याच गल्लीत कोणी नळी सोडून गाडी धुतो हे आम्हाला शोभत नाही. टंचाईत धुणे लांबवावे, फारच गरज असेल तर खळबळावे न लागणारा शाम्पू वापरून एका बादलीत काम भागवावे. आणि गाडी धुण्याचे पाणी घरातली स्त्री भरून देणार असेल तर गाडी भाड्याची नाही, तिच्या कष्टाची आहे, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी तरुणांना एक सांगणे आहे. हे काम हलके समजू नका. गाडी पुसणारा म्हटले की लोक नाक मुरडतात, पण तेच लोक शहरात याच कामाला डिटेलिंग म्हणतात आणि हजारो रुपये मोजतात. आपल्या एका गाडीवर हात बसला की शेजाऱ्याची गाडी घ्या, पैसे ठरवून घ्या, वहीत जमाखर्च लिहा. रबरी मोजे घाला, चाकांसाठी ॲसिड वापरू नका, हाताची कातडी पुन्हा विकत मिळत नाही. मशीन पुढे येईलच, पण ते चालवायलाही आधी हाताला दाब आणि नजरेला ओरखडा कळावा लागतो. मुलींनीही हे शिकावे. काळ्या रंगावर झाकाझाकी चालत नाही, जसे काम तसे दिसते. शिकणाऱ्याला याहून चांगली पाटी मिळणार नाही.