चुकीच्या उत्तरसूचीची एकसूत्रता

हिवाळी परीक्षा आटोपल्या की या कार्यालयात येणाऱ्या पत्रांचे विषय ठरलेले असतात. थकलेले मानधन, कॅपमधल्या म्हणजे केंद्रीय पेपर तपासणीतल्या खुर्च्या, गठ्ठे वेळेवर न मिळणे. यंदा तीन वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली तीन पत्रे मात्र एकाच दुखण्याची आहेत: उत्तरसूची चुकली, ते सगळ्यांना कळले आणि तरी तिच्याप्रमाणेच पेपर तपासले गेले. तिघेही पत्रलेखक सीएचबीवाले, म्हणजे तासिका तत्त्वावरचे. तिघांनीही नाव छापू नये असे बजावले आहे.

त्यातले एक प्रकरण आपल्या थेट अंगणातले. द्वितीय वर्ष बी.एस्सी.चा संख्याशास्त्राचा पेपर. दहा रुग्णांचा औषधापूर्वीचा आणि औषधानंतरचा रक्तदाब दिलेला. औषधाचा परिणाम होतो का, हे पाच टक्के पातळीवर तपासायचे. तुम्हाला पुढचे सांगायला नको. पेअर्ड टी, डिग्रीज ऑफ फ्रीडम ९, टेबल व्हॅल्यू २.२६२. उत्तरसूचीत मात्र दोन स्वतंत्र नमुन्यांची चाचणी, डिग्रीज ऑफ फ्रीडम १८, व्हॅल्यू २.१०१ आणि निष्कर्ष असा की शून्य परिकल्पना नाकारता येत नाही. माणसामाणसांतला फरक बाजूला न काढल्यामुळे औषधाचा परिणाम त्यात बुडाला. पेअर्ड चाचणीने तीच परिकल्पना सरळ नाकारली जाते. वर सूचीखाली टीप: ‘चाचणीची निवड चुकल्यास पुढील पायऱ्यांना गुण देऊ नयेत.’ म्हणजे ज्याला विषय कळला त्याला शून्य आणि ज्याने डोळे मिटून सूत्र घातले त्याला पैकीच्या पैकी.

पत्रलेखिकेने हे चेअरमनसरांना दाखवले. पेपर काढणारे तेच, सूची लिहिणारे तेच. ‘मॅडम, एकसूत्रता महत्त्वाची. सूचीप्रमाणे तपासा,’ एवढे सांगून ते दुसऱ्या टेबलाकडे वळले. जूनमध्ये याच मॅडमना पुन्हा मुलाखत द्यायची आहे आणि विषयतज्ज्ञ म्हणून समोर कोण बसेल, हे वेगळे सांगायला हवे का?

आता कार्यपद्धती पाहा. पत्रलेखिकेच्या विद्यापीठाच्या परिपत्रकाप्रमाणे प्रश्नपत्रिकेतील त्रुटी परीक्षेच्याच दिवशी केंद्रप्रमुखांमार्फत कळवायची. उत्तरसूची परीक्षकाच्या हाती पडते ती कॅपमध्ये, तीन आठवड्यांनी. जी गोष्ट पाहिलीच नाही तिची तक्रार परीक्षकाने कधी करायची? तरीही लेखी तक्रार केलीच, तर ती प्राचार्यांकडून परीक्षा विभागाकडे जाते, परीक्षा विभाग ती ‘विषयतज्ज्ञांच्या अभिप्रायासाठी’ पाठवतो आणि विषयतज्ज्ञ म्हणजे चेअरमन. आरोपीच न्यायाधीश, आणि पंचनामाही त्याच्याच हातचा.

विद्यार्थ्याला पुनर्मूल्यांकनाचा मार्ग खुला आहे, असे अधिकारी तोंडभर सांगतात. छायाप्रतीचे पैसे भरा, मग पुनर्मूल्यांकनाचे भरा. नवा परीक्षक येतो आणि त्याच्या हातात तीच उत्तरसूची दिली जाते! संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना तरी यातला विनोद कळावा. मॉडरेशन आणि पुनर्मूल्यांकन या दोन्ही गोष्टी परीक्षकापरीक्षकांतली तफावत कमी करतात. त्या व्हेरिअन्सचा बंदोबस्त करतात. सूचीतली चूक हा बायस आहे. दहा जणांनी दहादा तपासले तरी तो तिथेच राहतो, उलट सगळ्यांचे गुण जुळल्यामुळे अधिक विश्वासार्ह वाटू लागतो. परीक्षा विभाग ज्याला एकसूत्रता म्हणतो ती हीच.

मग अशा परीक्षकाने करायचे काय? दोन पत्रलेखकांनी आपापल्या गठ्ठ्यात बरोबर उत्तरांना गुपचूप पूर्ण गुण दिले. त्यांच्या हेतूबद्दल आदर आहे. तरी हा मार्ग बरोबर नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. त्यांच्या गठ्ठ्यातली मुले वाचली, शेजारच्या टेबलावरची बुडाली. कुणाचा पेपर कुणाच्या गठ्ठ्यात पडला यावर गुण ठरू लागले. शिवाय चूक कागदावर आलीच नाही, म्हणून पुढच्या वर्षी तोच प्रश्न तशाच सूचीसह पुन्हा येऊ शकतो. गुपचूप केलेला न्याय हा त्या गठ्ठ्यातल्या मुलांपुरता दिलासा असतो, परीक्षेची दुरुस्ती नव्हे. पण उघड लिहून देण्याची किंमत जिच्या नोकरीने मोजायची, तिला आम्ही कोणत्या तोंडाने धाडसाचे धडे द्यावेत?

‘सूचीला हात लावला तर गोंधळ होईल’ हा युक्तिवादही जुनाच. उत्तर प्रदेशातील १९८२ च्या वैद्यकीय प्रवेशपूर्व परीक्षेतल्या चुकीच्या उत्तरांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १९८३ च्या कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या निकालात न्यायालयाने म्हटले की उत्तरसूची बरोबरच धरली जाईल. मात्र ती चूक असल्याचे निःसंशय दिसत असेल, तर तिच्याप्रमाणे न लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षा देता येणार नाही. सूची प्रसिद्ध झाली होती, म्हणूनच चूक पकडता आली, हेही त्यात आहे. २०२४ च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला दोन पर्याय बरोबर धरले गेले होते. सर्वोच्च न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांकडून उत्तर तपासून घेतले, एकच पर्याय कायम केला आणि लाखो मुलांचे गुण बदलले. ७२० पैकी ७२० मिळवणारे ६१ होते, ते १७ उरले. देशपातळीवर एवढी उलथापालथ झेपते, आणि आपल्या विद्यापीठाला एका पेपरातले सात गुण झेपत नाहीत?

निकाल तीस दिवसांत, फार तर पंचेचाळीस दिवसांत लावण्याचे बंधन २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने घातले आहे, हे मान्य. पण उत्तरसूची दुरुस्त करायला एक दुपार पुरते. कॅपच्या पहिल्या दिवशी सगळ्या परीक्षकांनी थोडे पेपर नमुन्यादाखल तपासावेत, हरकती लिहून घ्याव्यात, मगच सूची अंतिम करावी. हरकतीवर निर्णय पेपर न काढलेल्या व्यक्तीने द्यावा. निकालासोबत सूची जाहीर करावी. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जात ‘सूचीवर हरकत’ असा एक रकाना ठेवावा. यातल्या एकाही गोष्टीला नवे अनुदान लागत नाही.

आणि आता बोलायचे आहे ते आपल्यातल्या कायम प्राध्यापकांशी. त्या दिवशी त्या हॉलमध्ये तुम्हीही होतात. सूची चुकली हे तुम्हालाही कळले होते. ‘सर नाराज होतील’ म्हणून तुम्ही मान खाली घालून गठ्ठा संपवलात आणि चहाच्या वेळी तुमच्यापैकीच एकाने त्या मॅडमना ‘जाऊ द्या हो’ असे समजावले. तुमची नोकरी जाणार नव्हती, वेतनवाढ थांबणार नव्हती. फार तर पुढच्या वर्षी पेपर सेटिंगचे पत्र आले नसते. सातव्या वेतन आयोगाच्या पगारात तेवढा तोटा सोसता येतो.

म्हणून उन्हाळी सत्राच्या कॅपपूर्वी एवढे करा. अभ्यासमंडळाच्या येत्या बैठकीत वरच्या चार मागण्यांचा ठराव मांडा आणि त्यावर कायम शिक्षकांच्या सह्या आधी घ्या. कॅपमध्ये सूचीवर लेखी हरकत घ्यायची वेळ आली, तर पहिली सही विभागातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाची असावी. सीएचबीवाल्यांची सही मागूच नका. ठरावाची प्रत आमच्याकडे पाठवा, आम्ही ती छापू. ज्या अभ्यासमंडळाकडून ठराव येणार नाही, त्याचे नावही छापू.