दोष ओतणाऱ्याचा की मालकाचा?

नागपुरातील लहान फाउंड्रीमालकांना आमचे एक सांगणे आहे. तांब्याच्या मालावर शिवणीसारखी रेघ दिसली की ओतणाऱ्या कारागिराची मजुरी कापू नका. हा ‘कोल्ड शट’: साच्यात दोन बाजूंनी आलेला रस एकजीव होण्याआधीच थिजतो. तांबे १०८५ अंशांना वितळते आणि उष्णता झपाट्याने सोडते. डिसेंबरच्या गारठ्यात थंड लॅडल वापरली, धार मध्येच तुटली किंवा रसाची वाट अरुंद असली की रेघ उमटते. फाजील तापवणे हा उपाय नव्हे. रस वायू शोषतो आणि मालात छिद्रे पडतात. लॅडल आधी तापवा, वाट रुंद करा, साधारण ११५० ते १२०० अंशांना सलग ओता. त्यासाठी नजरेचा अंदाज पुरत नाही, पायरोमीटर लागतो. तो आणणे मालकाचे काम आहे. साधन न देता दंड करणे हा व्यवहार नव्हे, अन्याय आहे.